रिमोट पोराच्या हातात, पण कार्यक्रम कोणाचा?

दिवाळीच्या सुट्टीत सावलीला घरी गेले होते. धान कापणीचे दिवस. मोठी माणसं सगळी शेतावर. घरात आजी, मी आणि काकाजींचा सात वर्षांचा छोटू. छोटू सकाळपासून टीव्हीसमोर. आजीने जेवायला हाक मारली, तर पडद्यावरची नजर न काढता म्हणतो कसा, "दादी माँ, मैं अभी आया!"

आजीने कपाळाला हात लावला आणि मला विचारलं, "हा कोनाच्या घरचा पाहुना होय वो?"

मी खूप हसले. पण रात्री झोप येईना. छोटूला नावं कशी ठेवू? मीही तशीच वाढले. शाळा कॉन्व्हेंटची, म्हणजे दिवसा इंग्रजी. संध्याकाळी टीव्हीवर छोटा भीम, शिनचॅन, डोरेमॉन, म्हणजे हिंदी. मराठी उरली ती फक्त "दूध पी" आणि "अभ्यास कर" एवढ्यापुरती. आजही मी मराठीत बोलायला लागले की रूममधल्या मैत्रिणी गालातल्या गालात हसतात. (हा लेखसुद्धा दोघींकडून तपासून घेतला आहे. तरी चुकांबद्दल क्षमस्व!)

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, एक साधा प्रश्न. आपण लहानपणी जे पाहिलं, ते आपण पाहावं हे कुणी ठरवलं? आई-बाबांनी तर नक्कीच नाही. रिमोट आपल्याच हातात होता. पण रिमोटने आपण निवडतो ती ताटात वाढलेल्या पदार्थांतली एखादी भाजी. स्वयंपाक कोणता करायचा हे आधीच कुणीतरी ठरवलेलं असतं. हॉस्टेलच्या मेसमध्ये राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको!

हे काम असतं तरी काय?

मुलांच्या वाहिनीवर किंवा दूरदर्शनच्या बालविभागात एक खुर्ची असते, बालकार्यक्रम प्रमुखाची. पडद्यावर तिचं नाव कुणी वाचत नाही. पण त्या खुर्चीतला माणूस चार-पाच मोठ्या गोष्टी ठरवतो.

पहिली गोष्ट वेळापत्रक. आठवड्याच्या प्रत्येक अर्ध्या तासाचा तक्ता असतो. मुलं शाळेतून कधी येतात, क्लासला कधी जातात, परीक्षा कधी, सुट्टी कधी, हे सगळं त्या तक्त्यात बसवावं लागतं. दुसरी गोष्ट, काय नवं बनवून घ्यायचं आणि काय तयार विकत घ्यायचं. तिसरी, कोणत्या भाषेत दाखवायचं. चौथी, काय कापायचं, म्हणजे कोणतं दृश्य पाच वर्षांच्या मुलाने पाहू नये. आणि पाचवी अर्थातच पैसा.

मोठ्यांच्या मालिका ठरवण्यापेक्षा हे काम अवघड आहे. मोठ्या माणसाला आवडलं नाही तर तो तक्रार करतो, चॅनेल बदलतो. लहान मूल आहे त्यातच रमतं, कारण यापेक्षा वेगळं काही असू शकतं हेच त्याला माहीत नसतं. शिवाय प्रेक्षक एक आणि खर्च करणारा दुसरा, बघतो मुलगा आणि रिचार्ज मारतो बाप. तिसरी गंमत म्हणजे हा प्रेक्षक दर चार-पाच वर्षांनी बदलतो. आजची मुलं मोठी होऊन निघून जातात आणि नवी येऊन बसतात. म्हणून जुनाच भाग पुन्हा लावला तरी कुणासाठी तरी तो पहिल्यांदाच असतो.

या कामाची कुठे डिग्री मिळत नाही. मग या खुर्चीपर्यंत माणसं पोचतात कशी? आपल्या मराठीतलंच एक मोठं उदाहरण आहे.

रँग्लरांची नात

सई परांजपे म्हटलं की आपल्याला 'चश्मे बद्दूर' आणि 'कथा' आठवतात. पण त्यांच्या कामाची सुरुवात मुलांपासून झाली हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. निदान मला नव्हतं.

जन्म १९ मार्च १९३८, लखनौ. वडील रशियन चित्रकार, आई शकुंतला परांजपे. आजोबा म्हणजे रँग्लर र. पु. परांजपे, केंब्रिजला १८९९ मध्ये गणितात 'सीनियर रँग्लर' झालेले पहिले भारतीय. (एम-थ्रीला बॅक लागलेल्यांनी इथे हात जोडावेत.) अशा घरात सई वाढल्या आणि वयाच्या आठव्या वर्षी त्यांचं मुलांसाठीच्या परीकथांचं पुस्तक निघालं, 'मुलांचा मेवा'. म्हणजे मुलांसाठी लिहिणारी लेखिका स्वतःच मूल होती!

पुढे पुणे आकाशवाणीत त्या निवेदिका म्हणून लागल्या आणि लवकरच तिथल्या मुलांच्या कार्यक्रमात शिरल्या. रेडिओवर चित्र नसतं. मुलाला खिळवून ठेवायचं तर फक्त आवाज, गोष्ट आणि गाणं. ही शिकवणी फार कामाची असावी असं मला वाटतं. त्यानंतर दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून १९६३ मध्ये त्या पदवीधर झाल्या. मुलांसाठी नाटकं लिहिली, बसवली.

त्या काळात टीव्ही म्हणजे काय होतं बघा. भारतात दूरदर्शन सुरू झालं १५ सप्टेंबर १९५९ ला, फक्त दिल्लीत आणि तेही प्रयोग म्हणून. दुसरं केंद्र मुंबईचं, ते आलं २ ऑक्टोबर १९७२ ला. मध्ये तेरा वर्षं! सईंनी दिल्ली आणि मुंबई दोन्हीकडे टीव्हीसाठी निर्मितीचं काम केलं. १९७२ मधल्या त्यांच्या 'द लिटल टी शॉप' या टीव्ही चित्रपटाला तेहरानला आशियाई प्रसारण संघाचं पारितोषिक मिळालं. त्याच वर्षी मुंबई केंद्राच्या उद्घाटनाचा कार्यक्रमही त्यांच्याकडे सोपवला गेला.

बालचित्र समिती ही केंद्र सरकारची मुलांच्या चित्रपटांसाठीची संस्था, स्थापना १९५५. सई तिच्या दोनदा अध्यक्ष झाल्या. खुर्चीत बसल्या तरी हातातलं काम सुटलं नाही. 'जादू का शंख' (१९७४) आणि 'सिकंदर' (१९७६) हे मुलांचे चित्रपट त्यांनी याच संस्थेसाठी केले. पुढे टीव्हीवर 'अडोस पडोस' (१९८४) आणि 'छोटे बडे' (१९८५) या मालिका आल्या. २००६ मध्ये पद्मभूषण मिळालं.

ही यादी सामान्यज्ञानाच्या पेपरासाठी दिलेली नाही. मुद्दा असा, की हा रस्ता मार्केटिंगमधून आलेला नाही. आधी लिहिणं, मग बोलणं, मग नाटक, मग कॅमेरा आणि मग खुर्ची. खुर्चीवर बसणाऱ्या माणसाने आधी मुलांसमोर उभं राहून पाहिलेलं होतं.

बाबांना पाठ असलेली धून

आता एका माणसाकडून एका संस्थेकडे येऊ.

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ हे एक वर्ष भारताने अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह वापरून एक मोठा प्रयोग केला, नाव 'साइट'. सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत थेट उपग्रहावरून टीव्ही दाखवला गेला आणि सकाळचा वेळ शाळेच्या मुलांसाठी राखून ठेवला होता. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण १९८३ मध्ये आपला इन्सॅट-१बी वर गेला आणि पुढच्या टप्प्यात सहा राज्यांत मुलांचे शैक्षणिक कार्यक्रम बनवणाऱ्या संस्था निघाल्या. त्यात महाराष्ट्र होता. २७ जानेवारी १९८४ ला पुण्यात सुरू झाली ती 'बालचित्रवाणी'.

पाच ते आठ आणि नऊ ते अकरा अशा वयोगटांचा विचार करून कार्यक्रम व्हायचे. गाणी, बाहुल्या, गोष्टी, विज्ञानाचे छोटे प्रयोग. सगळं मराठीत आणि दूरदर्शनवरून. पुढच्या तीसेक वर्षांत असे हजारो कार्यक्रम झाले.

माझे बाबा लहानपणी शिकायला चंद्रपूरला त्यांच्या मामाकडे होते. मामाकडे टीव्ही होता. बालचित्रवाणीची धून बाबांना अजून पाठ आहे, दाढी करताना गुणगुणतात. पण त्यांची सख्खी बहीण, म्हणजे माझी आत्या, सावलीलाच राहिली. तिला विचारलं तर म्हणाली, "ते का असते वो?" एकाच घरातली दोन लेकरं. एकाच्या वाट्याला बालचित्रवाणी आली, दुसरीच्या नाही.

कारण साधं होतं आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या मंडळींना लगेच कळेल. तेव्हा लहान गावांसाठी दूरदर्शन जे लघुशक्ती प्रक्षेपक बसवायचं, ते साधारण १०० वॅटचे. त्यांचा पल्ला जेमतेम १५ किलोमीटरच्या आसपास. त्यापलीकडे अँटेना बांबूवर बांधून कितीही फिरवला तरी मुंग्याच मुंग्या! वर विजेचा भरवसा नाही आणि कार्यक्रमाची वेळ शाळेच्या तासाशी जुळेलच असं नाही. पुण्यात कार्यक्रम कितीही चांगला बनला तरी जंगलाअलीकडेच थांबायचा.

पोरगं बघतंय की नाही, हे कळतं कसं?

आपल्या झाडीपट्टीत हा प्रश्नच नाही. दिवाळीनंतर धान निघालं की नाटकं सुरू होतात, रात्रभर चालतात. नाटक पडलं की मागच्या रांगा उठून चहाच्या टपरीवर जातात. निर्मात्याला तिथल्या तिथे निकाल. पण टीव्हीवाल्याला प्रेक्षक दिसत नाही. मग?

अमेरिकेत जोन गँझ कूनी नावाच्या बाईंनी १९६९ मध्ये 'सेसमी स्ट्रीट' सुरू केलं. त्याही टीव्हीत माहितीपट बनवणाऱ्या. त्यांच्या संस्थेतले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड पामर यांनी एक झकास युक्ती काढली. मुलाला टीव्हीसमोर बसवायचं आणि शेजारी दुसऱ्या पडद्यावर दर साडेसात सेकंदांनी बदलणारी रंगीत चित्रं लावायची. एक माणूस फक्त मुलाचे डोळे बघणार. मूल कोणत्या क्षणी टीव्ही सोडून चित्रांकडे वळलं त्याची नोंद. त्यातून कार्यक्रमाचा आलेखच तयार व्हायचा, आपल्या स्ट्रेस-स्ट्रेन कर्व्हसारखा! कुठे ताण धरला, कुठे तुटला ते दिसणार.

या चाचणीतून एक धक्कादायक गोष्ट निघाली. तज्ज्ञांनी सांगितलं होतं की बाहुल्या आणि खरी माणसं एका दृश्यात आणू नका, मुलांचा गोंधळ होईल. म्हणून गल्लीतल्या दृश्यांत फक्त माणसं ठेवली होती. नेमकी तीच दृश्यं आली की मुलं मान वळवायची. शेवटी तज्ज्ञांचं म्हणणं बाजूला ठेवलं आणि बाहुल्यांना गल्लीत आणलं. तो मोठा पिवळा पक्षी, बिग बर्ड, तिथूनच जन्मला. म्हणजे मोठ्यांच्या मतापेक्षा पोरांची मान खरी ठरली.

आपल्याकडे मोजणी होते ती मीटरने. २०१५ पासून बार्कची पद्धत आहे. वाहिनीच्या आवाजात एक न ऐकू येणारी खूण मिसळलेली असते. निवडक घरांतलं मीटर ती ओळखतं आणि कोण बघतंय ते घरच्यांनी बटण दाबून सांगायचं. डोळे कुठे आहेत हे मीटरला कळत नाही, टीव्ही चालू आहे एवढंच कळतं. आणि ग्रामीण घरांची मोजणी तर ऑक्टोबर २०१५ पासूनच यायला लागली. त्याआधी मोजणी शहरांपुरती होती. सावलीच्या पोराने दिवसभर कार्टून पाहिलं, तरी ते कुणाच्याही हिशेबात नव्हतं.

आपल्याला हिंदी कळते, हीच अडचण

आता खाजगी वाहिन्या. भारतात कार्टून नेटवर्क आलं १९९५ मध्ये, पोगो २००४ मध्ये. सुरुवातीला जवळजवळ सगळं बाहेरचं. मग २००८ मध्ये पोगोवर आला छोटा भीम. तो बनवणारे हैदराबादचे राजीव चिलका हे संगणकाचं शिक्षण घेतलेले, आपल्याच बिरादरीतले. परदेशी कार्टूनच्या गर्दीत धोतर नेसलेला, लाडू खाणारा खेड्यातला मुलगा चालेल असं कुणीतरी ठरवलं आणि तो चालला. निर्णय घेणारी खुर्ची काय करू शकते याचं हे चांगलं उदाहरण आहे. खाजगी म्हणजे सगळं वाईट असं मुळीच नाही.

पण भाषेचं गणित बघा. प्रत्येक भाषेत आवाज देण्याचा खर्च वेगळा. तमीळ, तेलुगू मुलांना हिंदी समजत नाही, म्हणून त्यांच्यासाठी वेगळा आवाज करावाच लागला. मराठी मुलाला हिंदी समजते. मग त्याच्यासाठी वेगळा खर्च कशाला? माझ्या लहानपणी आमच्या डिशवर मराठी बोलणारं कार्टून मला कधी सापडलं नाही. यात कुणाचा दुष्टपणा नाही, साधा हिशेब आहे. आपल्याला हिंदी कळते हीच आपली अडचण झाली. आणि झाडीबोलीचं किंवा गोंडीचं तर नावच काढायला नको. आमच्या तालुक्यात शाळेत येणाऱ्या पोराच्या तोंडात जी भाषा असते, ती त्याला कुठल्याच पडद्यावर ऐकू येत नाही.

आमचा फसलेला सिनेमा

हे सगळं वाचून मला जोर चढला. जानेवारीत रासेयोचं शिबिर सावली तालुक्यातल्याच एका गावात होतं. आम्ही तिघींनी जिल्हा परिषद शाळेतल्या मुलांसाठी पाच मिनिटांची फिल्म बनवली, 'पाणी वर कसं चढतं?' अॅनिमेशन झकास, पंपाचं कटसेक्शन, बाण, रंग, सगळं. मराठी निवेदन माझं, शुद्ध लिहून काढलेलं.

पामर साहेबांसारखी दुसऱ्या पडद्याची सोय नव्हती. म्हणून मी प्रोजेक्टरकडे पाठ करून बसले आणि फक्त मुलांचे डोळे बघत राहिले. पहिला मिनिट छान. मग "दाबातील फरकामुळे" असं मी म्हटलं आणि पहिली रांग खिडकीकडे वळली. बाहेर बैलबंडी चालली होती. दुसऱ्या पडद्याची उणीव त्या बंडीने भरून काढली! शेवटी एक मुलगा माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, हे इंग्लिश होय का?"

माझं मराठी त्याला इंग्लिश वाटलं. आणि मी छोटूला हसले होते.

रात्री चौथीतल्या एका मुलीला फिल्म दाखवली आणि म्हटलं, आता तू सांग. तिने शाळेच्या हातपंपावर उभं राहून, दांडा हापसत, तिच्या बोलीत सांगितलं. आम्ही मोबाइलवर रेकॉर्ड केलं, हापशाच्या कर्र-कर्र आवाजासकट. दुसऱ्या दिवशी चित्र तेच, आवाज तिचा. यावेळी बंडी गेली तरी फार माना वळल्या नाहीत. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर मैत्रिणीचा आवाज म्हणूनही ती पोरं बघत असतील. शिवाय एका शाळेतला एक प्रयोग म्हणजे संशोधन नव्हे, हे कुठलेही सर लगेच सांगतील. पण माझ्यापुरतं उत्तर मिळालं. पाच मिनिटांच्या फिल्मसाठी मी त्या खुर्चीत बसले होते आणि पहिला निर्णयच पोरांकडे न बघता घेतला होता.

सिग्नल आला, तेव्हा

आता शेवटचा आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग.

आत्याच्या घरी आज छतावर फ्री डिश आहे. १५ किलोमीटरची भिंत उपग्रहाने कधीच पाडली. पण सिग्नल असा दारात येऊन उभा राहिला, तेव्हा बालचित्रवाणीच उरली नव्हती. केंद्राचं अनुदान थांबलं, पगार अडले आणि २०१७ मध्ये संस्था बंद झाली. तिचं काम ई-बालभारतीकडे गेलं. बालचित्र समितीही २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. म्हणजे ज्या खुर्च्यांवर बसून मुलांपुरता विचार करायचा, त्या एकेक करून उचलल्या गेल्या.

आणि बंद होऊन तीन वर्षं होतात न होतात तोच आला कोरोना. शाळा बंद. मोबाइल एक, भावंडं तीन, त्यात रेंज नाही. तेव्हा सगळ्यांना अचानक टीव्ही आठवला. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झाली, पहिली ते आठवीच्या मुलांसाठी, एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची. आत्याच्या मुलीने ती घरात बसून पाहिली. आईला जे मिळालं नव्हतं ते लेकीला मिळालं, पण त्यासाठी महामारी यावी लागली!

यावर कुणी म्हणेल, आता यूट्यूब आहे, खुर्चीची गरज काय? पण खुर्ची रिकामी राहिली म्हणून निर्णय व्हायचे थांबत नाहीत. पुढचा व्हिडिओ कोणता लागेल हे आता एक प्रोग्राम ठरवतो. मूल आणखी किती वेळ बसेल एवढं त्याला मोजता येतं. मूल घरी आजीशी काय बोलेल, हे त्याच्या हिशेबात नाही. आणि तो प्रोग्राम लिहिणारे कोण? उद्याचे आपणच, कॅम्पस इंटरव्ह्यूतून निवडले गेलेले!

म्हणून हॉस्टेलच्या मंडळींना एक विनंती. आपल्याकडे लॅपटॉप आहेत, बरे माइक आहेत, एडिटिंग येणारे तर प्रत्येक मजल्यावर आहेत. पुढच्या शिबिराला पाच-पाच मिनिटांच्या दहा फिल्म घेऊन जाऊ. निवेदन तिथल्याच पोरांकडून करून घेऊ. आणि दाखवताना आपल्यापैकी एकाने तरी पडद्याकडे पाठ करून बसायचं. ती जागा मी आधीच सांगून ठेवते, माझी. ज्यांना यायचं असेल त्यांनी मुलींच्या हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर नाव लिहावं. मुलांनी आपल्या मेसच्या फळ्यावर लिहिलं तरी चालेल. सरांनी आणि मॅडमनी लिहिलं तर फारच छान.

पहिली फिल्म ठरली आहे. विषय धानाचा, आवाज आमच्या आजीचा. ऐकायला समोर पहिला बसणार आहे तो घरचाच पाहुणा, छोटू.